मुक्काम हलवायचा नाही

रोममध्ये आठवडाभर राहायला किती खर्च येईल, असं विचारत कुणी आलं की मी लगेच आकडा सांगत नाही. मी विचारते, "सकाळी चहा किती वेळा लागतो?" समोरचा गोंधळतो. त्याला वाटतं, बाई विषय टाळतेय. पण ज्याला उठल्या उठल्या एक आणि अंघोळीनंतर एक असे दोन कप लागतात, त्याला तिकडे हॉटेलची खोली घेऊन देणं म्हणजे रोज सकाळी त्याचा खिसा कापणं. त्याला स्वयंपाकघर असलेलं लहानसं घर बघून द्यावं आणि चहापूड सोबत न्यायला सांगावं. माझ्या धंद्यातलं निम्मं शहाणपण इथेच संपतं.

सांगलीत विश्रामबागला, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर माझं ऑफिस, अशी आमची बरीच वर्षं गेली. सुरुवात शिर्डी-तिरुपतीच्या बसच्या तिकिटांनी केली. पुढे लोकांची मुलं परदेशी गेली, त्यांच्या मागे आईवडील जायला लागले, आणि आता तर कुणीही नसताना लोक नुसते बघायला म्हणून जातात. माझे यजमान म्हणतात, "साऱ्या जगाला हिंडवतेस आणि आपण गणपतीपुळ्याच्या पुढे गेलो नाही." हे खोटं आहे. आम्ही गोव्याला दोनदा गेलोय.

एका शहरात आठवडा घालवायचा तर खर्च कसा मांडायचा, ते मी गिऱ्हाइकाला समोर बसवून एका कागदावर लिहून दाखवते. जाणं-येणं, झोपणं, खाणं, तिथल्या बस-मेट्रोतून फिरणं, तिकीट काढून बघायच्या जागा, आणि सगळ्यात शेवटी 'गडबड', म्हणजे ऐनवेळी काही अडलं तर लागणारे पैसे. लोक शेवटच्या शब्दाला हसतात. हसू देत. सगळ्यांना वाटतं विमानाचं तिकीट स्वस्तात मिळालं की जिंकलो. तिकीट एकदाच दुखतं. झोपणं आणि खाणं रोज दुखतं. शिवाय शहराचा म्हणून माणशी रोजचा एक कर असतो, तो घरमालक दारात रोख मागतो, आणि आपली माणसं परदेशात पाऊल टाकल्या टाकल्या त्याच्याशी भांडतात. म्हणून तो मी आधीच मांडते.

माणूस बघून खर्च बदलतो, हे मला गिऱ्हाइकांनीच शिकवलं. हळदीचे एक जैन व्यापारी आले होते, सूर्यास्तापूर्वी जेवणारे. त्यांना रोमचं डिसेंबरचं तिकीट स्वस्त मिळत होतं. मी दाखवलं, की तिथे डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आसपास मावळतो. म्हणजे सगळं बघणं टाकून चारला ताटावर बसायचं आणि सकाळपर्यंत उपाशी. जूनचं तिकीट महाग होतं, पण जूनमध्ये तिथे नऊनंतरही उजेड असतो. शेटजी जूनला गेले. तेव्हापासून माझ्या कागदावर कोपऱ्यात सूर्यास्ताची वेळ असते. कडेगावचे एक निवृत्त हेडमास्तर तिकडे प्रत्येक कॉफीचे रुपये करत आणि रुपये केले की कॉफी पीत नसत. परत आल्यावर त्यांच्या बाई मला म्हणाल्या, "आठवडाभर नुसते कावलेले होते, आणि मला वाटत होतं माझंच काही चुकलं." आता मी सगळ्यांना सांगते, गुणाकार काय करायचा तो माझ्या टेबलावर करा, विमानात बसलात की विसरा.

पण मला आज सांगायचं आहे ते बिरूमामा आणि हौसामामींचं.

कवठे महांकाळकडच्या एका गावची ही धनगर जोडी. मामांचं आयुष्य मेंढरांमागे गेलं. दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादायचा आणि पाण्या-चाऱ्याच्या मागे निघायचं, ते पावसाच्या तोंडाला परत. अलीकडे कळप धाकट्या भावाकडे दिला आणि मामांनी द्राक्षबाग धरली. मुलगा दत्ता पुण्यात कंपनीत चांगल्या जागेवर. त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांचे आईवडील युरोप बघून आले, तेव्हा यानेही माझ्याकडे येऊन आईवडिलांसाठी ग्रुप टूरचा बयाणा भरला. बारा दिवस, आठ देश. धंद्याच्या दृष्टीने असं गिऱ्हाईक म्हणजे सोनं.

दोन दिवसांनी मामा स्वतः जिना चढून आले. पांढरं धोतर, तांबडा फेटा, हातात टूरचं पत्रक. मला वाटलं, जेवणाचं विचारायला आले असतील.

"ताई, ह्ये वाचून दावा जरा," म्हणाले. मी वाचायला लागले. सकाळी सहाला सामान खोलीच्या दाराबाहेर ठेवणे. सातला नाश्ता. साडेसातला बस. संध्याकाळी नव्या शहरात मुक्काम. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाला सामान दाराबाहेर.

मामांनी मला मध्येच थांबवलं. "ताई, ह्ये तर आमचंच हाय की. निस्ती मेंढरं न्हाईत."

मी हसले, पण ते हसत नव्हते.

"जलमभर आमी ह्येच केलंया. आज हितं, उद्या फुडं. माझं एक येळ ऱ्हाऊ द्या, म्या मोकळा पुढं चालायचो मेंढरं घेऊन. मागं सारा पसारा हिनं उचलायचा, घोड्यावर लादायचा, नव्या जागी उतरून पुन्यांदा चूल मांडायची. आन् दुसऱ्या दिशी मोडायची. आता त्या परमुलखातबी हिनं रोज सकाळी गाठुडं बांधायचं व्हय? एका गावात आठ दिस बसू द्या आमास्नी. कुठलंबी गाव असू द्या."

मी म्हटलं, "मामा, बसायचंच असेल तर घरीच का नाही बसत?"

याचं उत्तर पुढच्या खेपेला मामी सोबत आल्या तेव्हा त्यांनी दिलं. "घर म्हंजी काय बसायची जागा हाय व्हय, ताई? म्हस हाय, बाग हाय, दारात रोज मानूस हाय." मग हाताच्या बांगड्या मागेपुढे करत सहज म्हणाल्या, "आमचा दत्ता वाटंतच झाला. दुसऱ्या दिशी सकाळी तळ हालला. तवा लय वाटलं हुतं, एवढा एक दिस थांबलो असतो तर बरं झालं असतं." तक्रार अशी नव्हतीच. जुनी हकीकत सांगावी तसं सांगितलं आणि पाणी मागितलं.

मी दत्ताला फोन करून ग्रुप टूर रद्द केली. तो नाराज झाला. मीही मनातून थोडी झालेच. दोन माणसांच्या सात दिवसांत मला काय सुटणार होतं, ते मला आधीच दिसत होतं. पण कागद पुढे ओढला.

शहर कोणतं? मी पॅरिस सांगितलं, व्हिएन्ना सांगितलं, रोम सांगितलं. चित्रं दाखवली. मामांनी चित्रांकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "पान्याचं कसं हाय तितं?"

आता हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. पण खर्चाच्या हिशेबात तो बरोबर होता. तिकडे पाण्याची बाटली विकत घ्यायला लागलं की आठवड्यात चांगला खड्डा पडतो. मी सांगितलं, की रोममध्ये रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, प्यायचं गार पाणी चोवीस तास वाहत असतं, फुकट.

"रातीबी?"

"रात्रीसुद्धा."

"मग बंद कोन करतं?"

"कुणीच नाही, मामा."

टँकरमागे घागरी घेऊन पळालेल्या मुलखातली ती दोघं एकमेकांकडे बघत राहिली. रोम ठरलं.

महिना मार्चचा ठरला. द्राक्षाचा माल बेदाण्याला देऊन मामा मोकळे होणार होते, बागेची एप्रिलमधली खरड छाटणी अजून लांब होती, आणि तिकडे ईस्टरची गर्दी सुरू व्हायची होती, त्यामुळे तिकीटही बेताचं मिळालं. झोपण्याच्या आकड्यावर मात्र मामा अडले.

"ह्यो एका रातीचा?"

"हो."

"अवं ताई, आमी कुनाच्या रानात मेंढरं घिऊन एक रात बसलो की खत पडतं म्हनून शेतवाला आमालाच पैसं द्यायचा. धान्य द्यायचा. आन् हितं आपन बसायचं आन् वर आपनच पैसं द्यायचं?"

मी आकडा कमी करायच्या मागे लागले. गावाच्या मध्यापासून जरा लांब, तळमजल्यावरचं, एक मोठी आणि एक लहान खोली असलेलं घर मिळालं. स्वयंपाकाची सोय होती, कोपऱ्यावर मेट्रोचं स्टेशन होतं, आणि मुख्य म्हणजे रस्त्याच्या पलीकडे नळ होता. ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, तिखट-मीठ सोबत न्यायचं. तूप आणि खवा नेऊ देत नाहीत, ते मी बजावून सांगितलं. आठवड्याचा एकच पास काढून बस-मेट्रो. बघायला जे फुकट आहे ते भरपूर, तिकिटाचं एक मोठं. खालती 'गडबड'.

कागद पूर्ण झाला असं मला वाटलं. मामांनी खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "हितं मावंदं ऱ्हायलं."

आमच्याकडे काशीहून कुणी आलं की गावाला जेवण घालतात, त्याला मावंदं म्हणतात. मी म्हटलं, "मामा, रोम म्हणजे काशी नव्हे."

"गावाला काय त्येचं? इमानानं जाऊन आला म्हटल्यावर गाव जेवनारच. न्हाई घातलं तर म्हनतील, बिरू तिकडं जाऊन खाऊन आला आन् आमाला वास बी न्हाई दिला."

युरोपच्या खर्चात मी आयुष्यात पहिल्यांदा गावजेवण मांडलं. कागदावरचा तो सगळ्यात मोठ्या आकड्यांपैकी एक होता. मामी एवढंच म्हणाल्या, "लापशी करू. मटन नगं," आणि खर्च जरा खाली आला.

दोघं गेली. गडबडीचे पैसे पहिल्याच दिवशी संपले. विमान उशिरा उतरलं आणि गावात जाणाऱ्या गाड्यांचा संप निघाला, तेव्हा टॅक्सी करावी लागली. दुसऱ्या दिवशी दत्ताने लावून दिलेल्या मोबाइलवरून त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मामांचा फेटा ओलाचिंब आणि मामींचं हसू थांबेना. झालं असं, की मामांना तो वाहता नळ बघवेना. चावी शोधली, चावी नाही. मग वाया जायला नको म्हणून त्यांनी नळाच्या तोंडावर तळहात दाबून धरला. त्या नळाला वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं. खाली बंद केलं की पाणी तिथून वर उडतं. तिथले लोक तसंच तोंड लावून पितात. मामांना ते थेट फेट्यावर मिळालं.

"पुसा की आता," मामी मागून म्हणत होत्या. "आठवडा हाय अजून, बंद करशीला कवातरी."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून ऑफिसात येऊन बसते तोच रोमहून घरमालकिणीचा निरोप आला. तिने घर दोन ठिकाणी नोंदवून ठेवलं होतं. उद्या सकाळी चार जणांचं एक कुटुंब येणार, त्यांनी याच तारखांचे पैसे भरलेले. चूक तिची होती आणि ती तसं मान्यही करत होती. उपाय तयार होता. तिच्या बहिणीचं घर मोकळं होतं, दोघांपुरतं, पण अगदी मध्यवस्तीत, गच्चीतून कारंजं दिसतं, भाडं जवळजवळ दुप्पट. ते ती याच पैशांत देणार होती. सामान न्यायला गाडीही पाठवणार होती.

दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर मी ऑफिसात पेढे वाटले असते. त्या दिवशी मात्र मला मामींचं रोजचं गाठुडं आठवलं. मी तिला फोन लावला. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. मी म्हटलं, ही माणसं हलणार नाहीत, त्या नव्या चौघांना बहिणीच्या घरी पाठव. ती म्हणाली, तिथे चार माणसं मावत नाहीत, त्यांना हॉटेलात दोन खोल्या घेऊन द्याव्या लागतील. वर म्हणाली, मी तुम्हाला याहून चांगलं देतेय. तरी नको असेल तर हॉटेलचा वरचा खर्च तुम्ही द्या. तिच्या बाजूने बघितलं तर बाई रास्त बोलत होती. तिने सांगितलेला आकडा मी लिहून घेतला. माझं सगळं कमिशन घातलं तरी अर्धंच भागत होतं.

मग मामांना फोन केला. जसं होतं तसं सांगितलं. घर चांगलं आहे, पैसे जास्त लागणार नाहीत, गाडी दारात येईल, फक्त उद्या सकाळी हलावं लागेल.

पलीकडून भांड्यांचा आवाज आला. पातेल्यात पातेलं घातल्याचा, वर ताटली ठेवल्याचा.

"काय करतीस?" मामांनी विचारलं.

"हालायचं म्हंत्यात न्हवं?" मामींचा आवाज अगदी सरळ होता. "आवरून ठिवते. सकाळी घाई नगं."

मामींनी 'का' म्हणूनही विचारलं नव्हतं. कुणीतरी हलायचं म्हटलं आणि त्यांचे हात चालू झाले.

"ठेव खाली," मामा म्हणाले.

भांड्यांचा आवाज थांबला नाही. मामा पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, पण रागाने नाही. "अगं, ठेव ती भांडी खाली. न्हाई हालायचं."

मग आवाज थांबला.

"ताई," मामा मला म्हणाले, "किती म्हनती ती बया?"

मी आकडा सांगितला. अर्धे मी घालते, असंही सांगितलं.

"तुमचं तुमी ठिवा. मावंद्याचं घाला त्यात. दत्त्याकडं हायत, त्यो धाडील."

"मामा, गाव काय म्हणेल?"

"म्हनंल की काय म्हनायचं त्ये. गाव कुठं पळून चाललंय?"

दत्ताशी बोलणं जास्त अवघड गेलं. पोरगा हुशार, हिशेबाचा. "ताई, चांगलं घर फुकटात मिळतंय आणि आबा पैसे भरून वाईट घरात राहणार? आणि गावात मान खाली घालायची ती वेगळीच. तुम्ही समजावून सांगा ना त्यांना." एरवी मी गिऱ्हाइकांच्या घरात बोलत नाही. त्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दत्ता, तुझा जन्म कुठल्या गावचा रे?"

"दाखल्यावर आमच्याच गावचा आहे."

"दाखल्यावरचं नाही विचारलं."

शेवटी तो म्हणाला, "वाटेतला." पैसे संध्याकाळच्या आत आले. नवं कुटुंब हॉटेलात गेलं आणि मामा-मामी तळमजल्यावरच्या त्याच घरात राहिले. ग्रुप टूरमध्ये जे सुटलं असतं, त्याच्यापुढे या सहलीत मला मिळालं ते काहीच नव्हतं. तरी अशी समाधानाची झोप मला मोठमोठ्या टूर रवाना करूनही लागलेली नाही.

एप्रिलमध्ये मामांचा निरोप आला, जेवायला या. यजमानांना घेऊन गेले. गावात शिरताना पारावरच्या एकाने गाडी थांबवून विचारलंच, "मावंद्याला आलाय व्हय? आमाला तर सांगावाच न्हाई." मामांना कळलं तेव्हा म्हणाले, "सकाळधरनं चाललंय त्येंचं. म्या सांगितलंया, फुडच्या द्राक्षाला घालतो, तवर कळ काढा." त्यांना ते लागलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. धनगरवाड्यातल्या पोरांनी त्यांना 'बिनमावंद्याचा साहेब' म्हणायला सुरुवात केली होती, आणि हे सांगताना त्यांनी दोनदा फेटा सारखा केला.

पुरुष बाहेरच्या सोप्यात जेवायला बसले आणि मी आत मामींजवळ. बाजरीची भाकरी, मटणाचा रस्सा, लापशीही केली होती. घरापुरतं मावंदं म्हणा. मी विचारलं, काय काय बघितलं? त्यांनी ते जुनं गोल रिंगण सांगितलं, "पडलंया पर भक्कम हाय," आणि एक मोठं देऊळ सांगितलं, पण थोडक्यात. बोलायला लागल्या त्या त्यांच्या गल्लीबद्दल. रोज सकाळी त्या तांब्या घेऊन पलीकडच्या नळावर जात. कुत्रं घेऊन फिरणारी एक म्हातारी चौथ्या दिवशी हात वर करायला लागली. भाजीवाल्याने पाचव्या दिवशी न मागता कोथिंबिरीसारखं काहीतरी वर घातलं.

"वळख झाली, ताई," मामी म्हणाल्या. "आमाला कुठं वळख व्हायच्या आधीच निगावं लागायचं."

"आणि सगळ्यात काय आवडलं?" मी विचारलं. हा प्रश्न मी परत आलेल्या प्रत्येकाला विचारते. धंद्याला उपयोगी पडतो.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, दुरडीत उतरवली, तवा बाजूला सरकवला. मग स्वतःचं ताट घेऊन माझ्याजवळ भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या.

"तुमचा फोन आल्ता बघा त्या दिशी. म्या भांडी आवराय घेतली, तर ह्ये म्हनलं, ठेव खाली." सोप्याकडे मान करून त्यांनी आवाज बारीक केला. "लगीन झाल्यापासनं 'उचल' आयकलं हुतं. 'ठेव खाली' त्या दिशी आयकलं. मला त्येच आवाडलं."

बाहेर मामा ऐकत असणार, कारण सोप्यातलं बोलणं एकदम थांबलं होतं. थोड्या वेळाने खाकरून त्यांनी हाक मारली, "अगं, भाकरी आन की एक."

मामी जागच्या हलल्या नाहीत.

"आवं, उठून घ्या की," त्या म्हणाल्या. "म्या बसलीया."

मामा उठले, आत आले, दुरडीतली एक भाकरी घेतली, आणि जाता जाता एक मामींच्या ताटात ठेवून गेले.